दोन मोटरींची गाडी

जाळीचं दार उघडणारे गृहस्थ मराठी निघतील असं सारंगला वाटलं नव्हतं. टेबलावरची गाडी पाहून त्याच्या तोंडून “बापरे, केवढी ही” असं निघून गेलं, तेव्हा ते हसले.

“मोठीच आहे. बसा.”

त्यांचं नाव पद्माकर. पन्नाशी उलटलेली. बरीच वर्षं जहाजावर इंजिनीअर होते, आता सिंगापूरमधल्याच एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी. आतल्या खोलीत एक चिनी आजी टीव्ही बघत बसल्या होत्या. सारंगला त्याचं नवल वाटलं नाही. तो स्वतः बुओना व्हिस्टाला एका चिनी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्यानं घेऊन राहत होता. ऑफिसातले एकटे मराठी सगळे तसेच राहायचे, मग इथे जुरोंग ईस्टमध्ये वेगळं काय असणार? सकाळी फोनवर पत्ता सांगणारा आवाजही बहुधा या आजींचाच असावा.

पद्माकरांनी चहाचं विचारलं नाही, पण त्या उकाड्यात सारंगलाही तो नको होता.

गाडी रिमोटवर चालणारी, खडक चढण्यासाठी बनवलेली. चाकं नारळाएवढी. पुढच्या आसाला एक मोटर, मागच्या आसाला एक. सारंगला ती मनापासून हवी होती. सिंगापूरला आल्यापासून त्याचे रविवार कुणाशी न बोलता जात होते. बुकित बातोकच्या जुन्या खाणीपाशी काही हौशी लोक अशा गाड्या घेऊन जमत आणि तो कठड्याशी उभा राहून बघत असे. गेल्या खेपेला त्यांच्यातला एकजण म्हणाला होता, नुसतं काय बघतोस, गाडी घेऊन ये. नवी परवडण्यातली नव्हती. अशा गाड्यांच्या दुकानातल्या जाहिरातींच्या फळ्यावर जुनी अशी ही एकच लागली होती.

“मोटरी चुकीच्या आहेत,” पद्माकर आपणहून म्हणाले.

या शर्यतीच्या गाडीच्या मोटरी, असं त्यांनी समजावलं. आत तारेचे वेढे कमी, त्यामुळे फिरतात भन्नाट, पण हळू चालवायला गेलं की झटके देतात. खडकावर झटका बसला की गाडी उताणी. त्यांनी एक मोटर सोडवून सारंगच्या नाकाशी धरली. जळक्या वार्निशचा वास येत होता. कार्बन ब्रशही झिजले होते.

सारंग फिजिक्स शिकलेला. दोन्ही मोटरी सिरीजमध्ये जोडल्या तर प्रत्येकीला निम्मंच व्होल्टेज मिळेल आणि वेग आपोआप उतरेल, असं तो म्हणाला. पद्माकरांना ते पटलं नाही. पुढची चाकं हवेत उचलली गेली की ती मोटर मोकळी गरगरत सुटेल, व्होल्टेज सगळं तीच खाईल आणि मागची, जिला खरा जोर लावायचा आहे ती, जागीच थांबेल. सारंगनं मनात सर्किट मांडून पाहिलं. ते बरोबर होतं. मग जोडणी आहे तशी पॅरलल ठेवायची आणि जास्त वेढ्यांच्या मोटरी घालायच्या, त्यानं दुसरा उपाय काढला. वेग जाईल, जोर येईल.

“म्हणजे नव्या मोटरींचा भुर्दंड,” पद्माकर म्हणाले. “आणि फळ्यावर लावलेली किंमत माझ्या मते आधीच जास्त आहे.”

असा विकणारा सारंगनं आजवर पाहिला नव्हता. पुण्यात त्याला स्कूटर विकणारा माणूस ती बंद पडलेली असतानाही तिचं कौतुक करत होता. गाडी का काढायची, असं त्यानं विचारलं, तर पद्माकर म्हणाले, अशा वस्तूला घरात जागा कुठे असते.

सारंगनं गाडी उलटीपालटी करून पाहिली आणि एक साधा निष्कर्ष काढला. इतका सरळ माणूस एकेक दोष शोधून दाखवतो आहे, तेव्हा ज्या भागांबद्दल तो काही बोलला नाही ते भाग नक्की चांगले. गिअर, सांगाडा, स्टिअरिंग. बाकी मोटरी काय, बदलता येतात.

“मी घेतो,” तो म्हणाला.

पद्माकरांनी पुढचं एक चाक बोटानं हळूच फिरवलं आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. चेहरा उतरला होता. आवडती वस्तू हातातून जाताना माणसाचं असंच होत असणार, सारंगला वाटलं. त्याला वाईट वाटलं.

“काका, एक विचारू? खाणीवर ही चालवायला दोघं लागतात. एकानं रिमोट धरायचा, दुसऱ्यानं खडकाजवळ उभं राहून कुठलं चाक कुठे टेकलंय ते सांगायचं. माझ्याबरोबर कोणी नाही. तुम्ही याल? आलटून पालटून चालवू.”

पद्माकरांनी वर पाहिलं. बायको रत्नागिरीला असते, रविवारी मी कपडे धुतो, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, “पहिल्यांदा कोण चालवणार?”

“तुम्ही.”

सोडवलेली मोटर पद्माकरांनी जागेवर बसवली, स्क्रू पिळला आणि गाडी सारंगकडे सरकवली.

“घे मग तूच. पण मागितलेली किंमत देऊ नकोस, घासाघीस कर. मी तुझ्या बाजूनं बोलतो.”

सारंगला हसू आलं. काका मजेशीर होते.

तेवढ्यात जाळीचं दार वाजलं. सारंगच्याच वयाचा एक चिनी तरुण, हातात बॅटरी घेऊन, धापा टाकत आत आला. चपला कोपऱ्यात भिरकावून तो आधी पद्माकरांकडे वळून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला,

“सॉरी लाह, अंकल. माझी गाडी बघायला तुम्हाला बोलावलं आणि मीच बॅटरी आणायला गायब झालो. मग, घेताय ना?”