पुराव्याचा पाय

"पायावरून रेझर फिरवलास की केस दुप्पट राठ येतात, कातडीही काळी पडते," आजीने नातीला दटावलं. वाद काही मिटेना, तेव्हा बाबांनी पुराव्यासाठी स्वतःच्याच एका पायावरून रेझर फिरवला. आठवडाभर लाल पुरळ खाजवलं, नंतर विसरून गेले.

दोन महिन्यांनी निकाल बघायला घर जमलं. बाबांनी पायजमा गुडघ्यांपर्यंत वर ओढला.

"बघा, डाव्याचा कसा काथ्या झालाय!" आजी म्हणाली.

"अहो आई, यांनी उजवा केला होता ना?" आई गोंधळली.

"उजवा? मला तर डावाच... थांबा हं," बाबा दोन्ही पाय चाचपू लागले.

आजी चष्मा पुसून पुन्हा वाकली.

"ठरलं की सांगा," म्हणत नात रेझर घेऊन बाथरूममध्ये गेली.