खांडा धरणारा

"लग्नात तुम्ही कुठं उभे होतात?" महाडच्या मामलेदार कचेरीतल्या कारकुनानं विचारलं.

"वैनीच्या समोर," मुरारी म्हणाला.

"समोर वर असतो. वर कुठं होता?"

"एडनला."

कारकुनानं टाक खाली ठेवला.

मुरारीची भावजय साळू शेजारी बसली होती. अंगात तांबडा लोकरी कोट, आणि बाहेर चैत्राचा उकाडा. सयाजीदादानं तो विलायतेहून धाडला होता. खांद्यात नेमका, बाहीत नेमका. लग्नानंतर दादा दोन महिन्यांच्या रजेवर काय तो आला होता. तेवढ्यात एवढं माप? आईच्या सांगण्यावरून मुरारी महाडच्या बाजारातून तिला बांगड्या आणायचा. त्या सैल तरी व्हायच्या, नाहीतर मनगटाशी अडायच्या.

मुरारीनं सांगितलं ते असं. दादा तेव्हा बोटीवर खलाशी. बोट एडनला अडकली, मुहूर्त काही अडकेना. आबांनी देवघरातला दादाच्या नावाचा खांडा काढला, त्याला मुंडावळ्या बांधल्या आणि धाकट्या लेकाच्या हाती दिला. वर नसला तर वराच्या जागी त्याची ही तलवार उभी करायची, घराण्याची रीतच ती. अंतरपाट सरला. साळूनं खांड्याच्या मुठीला हार घातला.

सांगितलं नाही ते असं. ती मूठ त्याच्या मुठीत होती. हार त्याच्या मनगटावर पडला.

"पंचाईत आहे," कारकून म्हणाला. "बायकोला कायमचं तिकडं न्यायचं तर लग्नाचा पुरावा लागतो. नवऱ्याच्या घरच्या, लग्नाला हजर असलेल्या पुरुषाचं शपथपत्र. वडील वारले, म्हणजे राहिलात तुम्हीच. आता विलायतेतल्या साहेबाला मी खांडा कसा समजावू? वर हजर होता, असं लिहितो. तुम्ही फक्त हो म्हणा."

"शपथेवर खोटं नाय बोलनार मी."

साळू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हाटेलवाल्याच्या दुधात पानी घालताना कुठं जाते वो ही शपथ, भावजी?"

कारकुनानं हसू दाबलं. "रावसाहेबांकडं जाऊन येतो. तोवर ठरवा. नाहीतर कागद परत."

मुरारीला बरं वाटलं. खरं बोलणं इतकं गोड लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. खऱ्याला धरून राहिलं की दादा विलायतेत, कोट पेटीत, आणि वैनी पोलादपूरच्या चुलीपुढं. तिच्या हातची भाकरी त्याच्या ताटात. जन्मभर.

"खरंच बोलायचं ना?" साळूनं विचारलं. "मंग अर्धं कशाला? खांडा ह्यांचा. हात कुनाचा हुता?"

मुरारीनं सदऱ्याची बाही मनगटावर ओढली.

"सांगा त्यांना, लगीन त्या हाताशी लागलं म्हनून. मी हा कोट हितंच उतरवते. तुमच्या मागनं घरी येते आन् दारातच सासूबाईंच्या कानावर घालते. घालू?"

रस्त्यावरून कशेडीकडं जाणारा एक ट्रक खडखडत गेला.

"वैनी..." एवढंच तो म्हणाला.

"वैनीच ना? मंग झालं."

कारकून आला. मुरारीकडं बघून त्यानं भुवया उचलल्या.

"लिहा," मुरारी म्हणाला.

कारकुनानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. दादाचं नाव, लगोलग तिचं. दोन्ही एका ओळीत बसली होती. मुरारीनं खाली सही केली, साक्षीदार लिहिलं होतं तिथं.

शाई वाळेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली.

"तिकडं लई थंडी म्हनं," साळू हळूच म्हणाली. "मानसाचे हात थरथरत्यात."

"असंल."

"त्या दिवशी खांडा थरथरत हुता, भावजी. आन् महिना वैशाखाचा."