कारण मागनं चालतं

“चूक,” बद्रीनाथ गुरुजी म्हणाले. सकाळपासूनची अकरावी.

म्हाळसानं फरशीवर दोन चित्रं मांडली होती. फुटलेलं मडकं पुढं, उडी मारणारं मांजर मागं. चौथीच्या बाकीच्या दहा पोरांनीही तसंच मांडलं होतं. कारण आधी, परिणाम नंतर, हे गुरुजी महिनाभर शिकवत होते. चितेगावमागच्या धनगरवस्तीतली ही अकरा पोरं महिनाभर एकमुखानं उलटं मांडत होती. एवढी एकी गुरुजींनी ग्रामपंचायतीतसुद्धा पाहिली नव्हती.

“अगं, बैल पुढं, गाडी मागं. बैल म्हंजे कारण,” गुरुजी कळवळून म्हणाले. ते शेतकऱ्याच्या घरातले होते.

“आमच्यात मेंढ्या पुढं असत्यात, गुरुजी. बा मागं. बा मागं हाय म्हणून त्या चालत्यात.”

शाळा तपासायला शहरातून आलेले काकासाहेब खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी कप बशीत ठेवला. मग त्यांनी तपासणीच्या कागदावर अकरा फुल्या मारल्या. चौथी नापास झाली तर वस्तीवरची शाळा बंद, हे त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. मग पोरांनी पैठण रोडच्या पलीकडच्या शाळेत जायचं. त्या रोडवरून दिवसभर कारखान्यांचे ट्रक पळत. म्हाळसाच्या बापाच्या, बिरूच्या, सात मेंढ्या तिथंच ट्रकखाली गेल्या होत्या. आणि मेंढ्या पोरांपेक्षा जपून चालतात.

साल नव्वद होतं. तिकडं शहरात विद्यापीठाच्या नावासाठी माणसं बारा वर्षं मोर्चे काढत होती, लाठ्या खात होती, जीव देत होती. इकडं सकाळी उठून बघावं तर ज्वारीच्या रानाला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लागलेलं असे. नाव बदलायला किती वेळ लागतो, हे ते कुणाला हवंय त्यावर असतं.

गुरुजींनी शेवटचा प्रयत्न केला. “साहेब, चित्रं राहू द्या. डोळ्यांसमोरचं विचारा. आज इथं जे झालं ते.”

“बरं.” काकासाहेबांनी घड्याळ बघितलं. “सांग पोरी, आज काय काय झालं? कशामुळं झालं? ओळीनं सांग.”

म्हाळसानं नाक पुसलं. “आधी शाळा बंद झाली. मग तुम्ही आलात. मग आम्ही नापास झालो.”

गुरुजींचं तोंड सवयीनं ‘चूक’ म्हणायला उघडलं.

“पोरीची खोपडीच उलटी हाय, साहेब,” जीपचा ड्रायव्हर कडुबा दारातून हसला.

“उलटी नाय,” म्हाळसा म्हणाली. “तुम्ही सकाळी पहिल्या चहाला बसलात तवाच आम्ही जीप बगून घेतली.”

ती उठली आणि सरळ जीपकडं चालू लागली. मागं दहा पोरं, पोरांमागं गुरुजी, गुरुजींमागं कपबशी घेऊन साहेब. तिनं जीपमधलं गोणपाट उचललं. खाली नवी कोरी पाटी होती. निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘जुनी शाळा गोदाम. आत येण्यास मनाई.’ कोपऱ्यात शहरातल्या गुलमंडीच्या पेंटरची सही.

म्हाळसानं अक्षरांवरून नख ओढलं आणि नख साहेबांपुढं धरलं. नखाला काही नव्हतं.

“मेंढीच्या पाठीवर खुणंचा रंग लावला की पहिल्या दिवशी हाताला लागतो. दुसऱ्या दिवशी नखाला. तिसऱ्या दिवशी कशालाच नाय. म्हंजी ही पाटी परवाची. आमची परीक्षा आजची.”

कडुबाचं हसू थांबलं. गुरुजींनी टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी ते न सुचून हातातच धरली. परवाचं कारण नखाच्या टोकावर दाखवणाऱ्या पोरीला आपण महिनाभर मांजर शिकवत होतो! ती नऊ वर्षांची होती. तिच्या पायात चप्पल नव्हती. गुरुजींना एकाएकी तिला अहो-जाहो करावंसं वाटलं.

“मला वरून आदेश होता,” साहेब हळूच म्हणाले. कुणीही विचारलं नव्हतं.

“व्हय,” म्हाळसा समजुतीनं म्हणाली. “मेंढ्यांचं बी तसंच असतंय.”

साहेबांनी कपबशी गुरुजींच्या टोपीत ठेवली. जीपच्या बोनेटवर त्यांनी कागद पसरला. मग पेन काढून त्यांनी अकरा फुल्या एकेक करून खोडल्या, पुढं ‘कारण-परिणाम: उत्तम’ असा शेरा मारला आणि कडुबाला पाटी परत न्यायला सांगितलं. राहिला नापासांचा रकाना. कागदावर कुठलाही रकाना रिकामा सोडायचा नाही, असा खात्याचा रिवाज. त्यांनी त्यात एकच नाव लिहिलं, वळणदार अक्षरात, हुद्द्यासकट. स्वतःचं.