पाणघोड्याचा चष्मा

"तेवढ्याच तिकिटात अजून एक कागद बसत होता, मग टेबलावरचा तोही घातला पाकिटात," पोस्टातून रिटायर झालेले बाबा अभिमानाने म्हणाले.

हेमांगीच्या हातातला ब्रश चहात बुडाला. टेबलावर होता तो पाणघोडा. प्रदर्शनात 'पाठवा, बघतो' म्हणालेल्या बालपुस्तकांच्या प्रकाशकाने चार महिन्यांत तिच्या चित्रांची पोचही दिली नव्हती, म्हणून रागाने तिने त्याचाच पाणघोडा केला होता: तीच तीन पदरी हनुवटी, तोच नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा, आणि ढुंगणाखाली तिची न फोडलेली पाकिटं. आता नव्या नमुन्यांबरोबर पाणघोडाही त्याच पत्त्यावर निघाला होता.

पुढचे पंधरा दिवस फोन वाजला की ती दचकायची. सोळाव्या दिवशी खुद्द प्रकाशकच बोलले.

"ससे-हरणं सगळेच पाठवतात. पाणघोडा मात्र झकास. त्याचंच पुस्तक करू. फक्त चष्मा काढून टाका."

"का हो सर?" तिने जीव मुठीत धरून विचारलं.

प्रकाशकांनी आवाज खाली आणला. "हुबेहूब आमचे भागीदार दिसतात. चष्म्यावरून स्वतःला ओळखलं त्यांनी, तर पंचाईत."