दालचिनीचा वास

दालचिनीचा वास जिना उतरून खाली गेला आणि पाच मिनिटांत शरणम्मा जिना चढून वर आल्या.

लुंबिनी ओव्हनसमोर उभी होती. रविवारची सकाळ, दवाखान्यात ड्यूटी नाही. आज कांदा चिरायचा नाही की कणीक मळायची नाही, हे तिनं शनिवारीच ठरवून टाकलं होतं. औसा रोडच्या मॉलमधून गोठवलेल्या दालचिनी रोलचं पाकीट आणलं होतं. रात्री बाहेर काढून ठेवायचे, सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचे, की झाला नाश्ता. रोल छान फुगले होते. अजून दहा मिनिटं राहिली होती.

"काय शिजवायलीस गं?" घरमालकीणबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. पदर नाकाला होता. पूजा आटोपून तशाच वर आल्या होत्या. कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे अजून ओले होते. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम अख्ख्या गल्लीला पाठ होता.

"नाश्ता, काकू. गोड पाव हाय."

"पावाला असला वास येतो व्हय?"

"दालचिनी हाय त्यात."

"दालचिनी मलाबी कळती. चिमूटभर आम्हीबी घालतो काळ्या मसाल्यात. एवढी घालतेत ती मटनालाच."

लुंबिनीची कानशिलं तापली. दोन महिन्यांपूर्वी लातुरात सात घरं बघून झाली होती. आडनाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. शरणम्मांनी मात्र आडनाव ऐकून नुसती मान हलवली होती. "बसवण्णांना मानणारं घर हाय आमचं. आम्ही जात बघत न्हाई. फक्त मटन-अंडं वर शिजवू नका." त्या संध्याकाळी लुंबिनीनं आईला दोनदा फोन करून हेच वाक्य ऐकवलं होतं. तेव्हापासून घरात अंड्याचं टरफल आलेलं नव्हतं.

"उघड ते," शरणम्मा म्हणाल्या.

"आत्ता उघडलं तर बसतील, काकू. धा मिनिटं थांबा."

"काही नसंल तर भ्यायचं कशाला?"

आनंदराज पेपर टाकून आतून आला. शाळेत पोरं त्याला चळाचळा कापतात; इथं बायकोच्या शेजारी उभं राहून त्यानं हात जोडले. "काकू, बसा की. गैरसमज व्हायलाय तुमचा."

"सर, तुम्ही गप बसा. अकराला माझे सोयरे यायलेत. हा वास कशाचा म्हणून विचारलं तर काय सांगू मी? काय हाय ते आज कळू द्या, न्हाईतर महिन्याच्या आखरीला खोली मोकळी करा."

नवऱ्याचे ते जोडलेले हात लुंबिनीला बघवेनात. तिनं कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढलं, गाऊनला पुसलं आणि शरणम्मांसमोर धरलं. "हा हिरवा ठिपका बघा. अंडंसुद्धा न्हाई. दुकानात दोनदा वाचून घेतलं मी."

शरणम्मांनी पाकीट हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. "छापायला काय, काहीबी छापतेत."

मग तिघंही उभी राहिली. ओव्हनचा टायमर टिकटिकत होता. शरणम्मांची नजर फ्रीजवरून फिरली, फळीवरच्या डब्यांवरून फिरली, भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीपाशी जरा थांबली. आता नववं घर कुठं शोधायचं, असं लुंबिनीच्या मनात येत होतं. आणि त्याच मनात, रोल करपू नयेत, चांगले दिसावेत, असंही येत होतं. त्याचा तिला स्वतःचाच राग आला.

टिंग झालं.

तिनं ट्रे बाहेर काढला. नऊ रोल, खरपूस, कडेनं साखर अजून बुडबुडत होती. शरणम्मांनी वाकून बघितलं. ट्रेकडं बघितलं, मग रिकाम्या ओव्हनमध्ये अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत बघितलं. नाकावरचा पदर खाली आला.

"पावच हाय की गं!" त्या हसल्या. "मला आपलं वाटलं... मनाला लावून घेऊ नको. ऱ्हावा तुम्ही निवांत. महिन्याच्या आखरीचं काढून टाका डोक्यातून."

आनंदराजनं सुटकेचा श्वास सोडला. लुंबिनीलाही इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. झालं गेलं, म्हातारं माणूस आहे, असं तिनं मनाशी म्हटलंसुद्धा. मधला, सगळ्यात चांगला फुगलेला रोल तिनं ताटलीत काढला आणि पुढं केला.

"घ्या काकू. गरम हाय तंवर."

शरणम्मा एक पाऊल मागं सरल्या.

"नको गं. पूजा व्हायची हाय माझी अजून."

लुंबिनीनं त्यांच्या कपाळाकडं बघितलं. मघाचे ओले पट्टे आता वाळून पांढरेफटक झाले होते. आनंदराजनं तिच्या दंडाला हळूच हात लावला. जाऊ दे, घर राहिलं ना, असं तो हात सांगत होता.

तिनं ताटली खाली घेतली नाही.

"व्हय का?" ती म्हणाली. "मग करून या, काकू. मी थांबते."

शरणम्मांचा हात आपसूक कपाळाकडं गेला.