पांढरा कोट

आम्हा अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या माणसांना तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि आर्विड तर आमच्यावरही वरताण.

लग्नाच्या वाढदिवसाला त्याच्या बायकोने, मार्लिसने, क्रूझवरच्या सगळ्यात भारी रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं. नवऱ्याला नवाकोरा पांढरा कोट घालायला लावला. स्वतः झगमगता गाऊन घातला आणि त्यावर शोभत नाही म्हणून चष्मा खोलीतच ठेवला.

तिथल्या वेटरांचे कोटही पांढरेच निघाले.

सूप यायच्या आधी आर्विड हात धुवायला उठला. परतताना एका बाईने त्याला अडवलं. “अहो, जरा पाव आणता का?” त्याने आणला. शेजारच्या आजोबांना पाणी हवं होतं, तेही दिलं. पुढच्या टेबलावर तर त्याने लॉब्स्टरचं कवच फोडून दिलं, वर लिंबूही पिळलं. त्यांनी खुशीने बक्षीस पुढे केलं. त्यालाही बिचाऱ्याला नाही म्हणवेना.

शेवटी कसाबसा तो आपल्या टेबलापाशी पोचला. त्याचं सूप केव्हाच गार झालं होतं. मार्लिसने डोळे बारीक करून समोरच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं आणि आपला रिकामा वाडगा त्याच्या हातात दिला.

“हा घेऊन जा. आणि माझ्या नवऱ्याला जरा शोधता का? उंच आहे, टक्कल आहे. फार भोळा हो, कुणीतरी कामाला जुंपलं असेल.”

आर्विडने वाडगा नीट धरून अदबीने मान झुकवली.

“बघतो, मॅडम,” तो म्हणाला, आणि स्वतःला शोधायला निघाला.