न्हाणीतला हिटर

उंब्रजचा लालासाहेब पलटणीतून सुट्टीवर आला, तो विजेचा हिटर घेऊनच. बहीण घरी बाळंत झालेली, पौषातली थंडी, आणि न्हाणी इतकी गार की महिन्याची भाची पाणी पडण्याआधीच निळी पडायची. त्यानं इमाम वायरमनला बोलावलं. लालासाहेबाची आई, बनुबाई, न्हाणीच्या दारातच ठाण मांडून बसली.

“येवढ्या उंचावर का रं लावतोस?”

“खाली ठेवला तर पाणी उडंल, काकी.”

“आन् ही तार भुईत कशापायी पुरली?”

“वीज चुकून हिटरच्या पत्र्यात उतरलीच, तर माणसाला न धरता भुईत जाईल.”

“आन् खड्ड्यात मीठ-कोळसा?”

“त्यानं वल ऱ्हाती. वल आसली की वीज लवकर मुरती.”

इमाम हसून सांगत होता, पण लालासाहेबालाच अवघडल्यासारखं झालं. अखेर हिटरच्या तारा लाल झाल्या, न्हाणी उबदार झाली.

“घाला आता पोरीला न्हाऊ,” इमाम म्हणाला.

बनुबाईनं त्याच्यापुढं पंचा धरला. “आदी तू आंगूळ कर.”

“आई! त्याच्यावर येवढाबी भरवसा न्हाई व्हय?” लालासाहेब ओशाळला.

इमाम मात्र पंचा घेऊन आत गेला. पाण्याचा आवाज येऊ लागला. लालासाहेबानं वळून पाहिलं. आई दाराबाहेर हिटरच्या बटणावर बोट ठेवून उभी होती, आणि तांब्यागणिक हाक मारत होती, “इमाम, बरा हाईस न्हवं रं लेकरा?”